एकतिसावा आठवडा

१

शुक्रवारी सकाळी मी मॅनेजरच्या खोलीतलं कपाट उघडलं तेव्हा सहा नंबरच्या घराच्या चालू व्यवहाराची फाइल जागेवर नव्हती. पाचची होती, सातची होती. मधल्या फटीत दोन्ही फायली एकमेकींवर कलल्या होत्या.

"असेल इथेच कुठेतरी," मॅनेजर म्हणाला. तो खुर्चीतून उठलाही नाही.

मी वकील आहे. तळ्याकाठी सुट्टीची चोवीस घरं आहेत, त्यांच्या मालकसंघाचं कागदोपत्री काम माझ्याकडे असतं. या घरांचा प्रकार असा, की एक घर एका माणसाचं नसतं. वर्षाचे पन्नास आठवडे पन्नास जणांना विकलेले असतात, उरलेले दोन डागडुजीला. आपला आठवडा आला की घर आपलं, तो संपला की पुढच्याचं. हौसेनं घेतलेला आठवडा पुढे लोकांना नकोसा होतो, मग दलाल त्याला नवं गिऱ्हाईक शोधतो. त्या व्यवहारात मी मध्ये असते. विकणारा खरा मालक आहे का, त्याची देणी राहिली आहेत का, ते तपासायचं. घेणाऱ्याचे पैसे नोंदवहीत नाव चढेपर्यंत माझ्या ताब्यात ठेवायचे. नाव चढलं की पैसे विकणाऱ्याला, नाही चढलं तर आले तसे परत.

सहा नंबरचा एकतिसावा आठवडा एका निवृत्त भूगोलाच्या मास्तरांचा होता, बावीस वर्षं. तो ते एका निवृत्त नर्सला विकत होते; तिला सगळे सिस्टर म्हणत. मास्तरांनी मंगळवारी याच खोलीत खरेदीखतावर सही केली, मॅनेजर आणि दलालासमोर. गुरुवारी पहाटे ते झोपेतच गेले. हृदय आधीपासून अधू होतं, डॉक्टरांना शंका नव्हती. आणि शुक्रवारी मी नाव चढवायला आले, तर सहीचा कागदच नाही.

"आता काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? नवीन कागद करा, मास्तरांच्या मुलाची सही घ्या. सोमवारी नाव चढवून टाकू. उगाच चौकशीबिकशी नको. बाकीचे व्यवहार अडकतात."

कपाटाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असायची. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ती माहीत होती. मी खालची फळी बघितली. तिथे एक पाकीट होतं, वर सुवाच्य अक्षरात सिस्टरचं नाव आणि पत्ता. आत तिच्या ओळखपत्राची प्रत आणि तिच्या भावाच्या आजाराचा दाखला, टाचणी लावून. हे दोन्ही कागद त्याच फाइलमधले होते.

"मुलाची सही म्हणालात," मी म्हटलं. "मुलाला या व्यवहाराची माहिती आहे?"

"असणारच. काल दुपारी चारला त्याचा फोन आला होता. विचारत होता, नाव चढलं का म्हणून." मॅनेजरनं चष्मा पुसला. "बाप सकाळी गेलेला, आणि हा दुपारी फोन करतो."

हे ऐकून कुणालाही काहीतरी वाटलं असतं. मला वाटलं नाही. पाच महिन्यांपूर्वी माझा नवरा गेला. त्यानंतर मी कामाला एक दिवस खाडा केलेला नाही. लोक म्हणतात मी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. मी फक्त वहीत लिहिलं: मुलगा, गुरुवार, चार वाजता.

२

दलालाचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत होतं. त्याच्या टकलावर बारा महिने लोकरीची टोपी, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणत. "मी टोपी घालतो, लोकांना घालत नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. त्या दिवशी तो त्यानं केला नाही.

"मॅडम, मला त्या फाइलचा काय उपयोग? नाव चढल्याशिवाय माझी दलाली मिळत नाही. माझ्या धंद्यातले निम्मे लोक आगाऊ पैसे घेतात आणि फोन बंद करून बसतात. त्यांच्यापायी माझ्याकडे येणारा प्रत्येक जण मला आधी चोर धरूनच चालतो. म्हणून मी आगाऊ एक दमडी घेत नाही."

"दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं होतं?"

त्यानं टेबलावरच्या पंख्याचं तोंड वळवलं. "आलं होतं. बुधवारी. एक डॉक्टर. दीडपट देतो म्हणाले."

"म्हणजे सिस्टरचा कागद हरवला, तर तुमची दलालीही दीडपट."

"तुम्ही असं म्हणणार म्हणूनच बोललो नव्हतो."

मी वहीत लिहिलं: डॉक्टर, बुधवार, दीडपट.

"मंगळवारचं सांगा," मी म्हटलं. "सही कशी झाली?"

"झाली नेहमीसारखी. मास्तरांना दोनदा हाक मारावी लागली एवढंच. ते भिंतीवरचा नकाशा बघत उभे होते. शिक्षक माणूस, नकाशा दिसला की पाय थांबणारच. मॅनेजरला विचारत होते, नकाशा कुठल्या सालचा. तो म्हणाला, फार जुना आहे, घरं बांधायच्या आधीचा. मग मास्तरांनी सही केली. पण मन सहीत नव्हतं. तारीख चुकवली, खोडून परत लिहिली."

मी जिन्यापर्यंत आले तेव्हा त्यानं मागून हाक मारली. टोपी त्याच्या हातात होती. बिनटोपीचा तो मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. बुधवारी तीनला मी तिथे गेलो होतो. डॉक्टरांची गोष्ट डोक्यात होतीच. खतात काही पळवाट आहे का, ते बघायचं होतं. कपाट उघडलं मी." त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. "फाइल तेव्हाच नव्हती."

३

सिस्टरच्या घरी मी शनिवारी गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाटेवर तिचा धाकटा भाऊ, डावी बाजू अर्धांगानं गेलेली. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. चार वर्षं तो त्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवरून खाली आलेल्या पाइपाचे सांधे त्याला पाठ होते.

"सहा नंबरला पायरी नाही," आतल्या खोलीत मला बसवून सिस्टर म्हणाली. "दारं रुंद आहेत. खाटेवर पडल्यापडल्या तळं दिसतं. मी स्वतः जाऊन झोपून बघितलंय."

तिला जे विचारायचं ते मी विचारलं. दलालाची पारख कशी केली?

"त्याच्या आधीच्या तीन गिऱ्हाइकांना फोन केले. परवाना बघितला. आगाऊ मागतो का, ते बघितलं. मग मालकसंघाला पत्र लिहून विचारलं, मास्तर खरंच मालक आहेत का, काही थकलंय का. उत्तर आलं. पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत, तुमच्याकडे ठेवायचे, हेही मीच म्हटलं. इंजेक्शन भरण्याआधी बाटलीवरचं नाव मी तीनदा वाचायचे, चाळीस वर्षं. इथे कसं नाही वाचणार?"

"फाइल सापडली नाही तर व्यवहार होणार नाही. पैसे परत मिळतील."

तिनं मान हलवली. रडली नाही, चिडलीही नाही. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचा चेहरा असतो तसा चेहरा होता. "याला सांगितलं नाही अजून," एवढंच म्हणाली. बाहेरच्या खोलीतून भावाचा आवाज आला, "ऐकलं मी, ताई." शब्द जड, पण स्पष्ट.

मास्तरांच्या मुलाला मी त्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गाठलं. तो खिळे तोलत होता.

"हो, केला फोन. सकाळी बाबा गेले आणि दुपारी मी फोन केला. काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काहीच म्हणायचं नाही. का केलात, तेवढं सांगा."

त्यानं तराजूवरची पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली, आणि मग बोलला. "बाबांनी आठवडा विकल्याचं मला माहीतच नव्हतं. माझी मुलं त्या तळ्यात पोहायला शिकली. बुधवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. म्हणाले, सही केलेला कागद मागे घेता येतो का रे? मी म्हटलं, कसला कागद? तेव्हा सांगितलं. मला वाटलं, आता पस्तावलेत. रात्री आणखी काही बोलणं झालं नाही. सकाळी हे. म्हटलं, त्यांना विकायचं नव्हतं, तर निदान तेवढं तरी थांबवावं."

तो खोटं बोलत नसावा. पण आठवडा त्याला हवा होता, आणि कागद नसला तर तो घरातच राहणार होता.

परतताना मी तळ्याकडे वळले. फाटकावर येणाऱ्याची नोंद होते. बुधवारच्या पानावर चार ओळी होत्या. सहा नंबरात उतरलेलं कुटुंब सकाळी नऊला होडीवर गेलं, संध्याकाळी सहाला परत. अकराला नळवाला. तीनला टोपीवाला. आणि दोघांच्या मध्ये, एक वाजून दहा मिनिटांनी, नुसता आकडा: ६.

"ही सहा माणसं कोण आली होती?" मी रखवालदाराला विचारलं.

"सहा नाही, बाई. एकच असणार. मालक आला तर आम्ही नाव नाही लिहीत, घराचा नंबर लिहितो. त्या दिवशी बदलीचा माणूस होता, त्याला तोंडं माहीत नाहीत."

एक ते दोन मॅनेजर जेवायला जातो, खोली उघडी असते. म्हणजे त्या वेळी सहा नंबरचा कुणीतरी मालक आत आला होता. होडीवरचं कुटुंब सोडलं, तर उरले एकोणपन्नास.

हे मॅनेजरला विचारावं म्हणून मी त्याच्या खोलीत डोकावले. तो नव्हता. भिंतीवर नकाशाही नव्हता. चार टाचण्या तेवढ्या होत्या, आणि मध्ये भिंतीचा उजळ चौकोन.

४

रविवारी मी मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मला स्वयंपाकघरातच बसवलं. बाहेरच्या खोलीत भेटायला आलेले नातेवाईक हळू आवाजात जागांच्या किमतींबद्दल बोलत होते.

"पाय नको म्हणतात, तिथवर जाववत नाही, म्हणून विकला त्यांनी," काकू म्हणाल्या. "मला विचारून विकला. मी म्हटलं, विका. कुणाला तरी उपयोग होऊ दे."

"मग पस्तावले होते का?"

"ते? सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी दिलेला शब्द एकदाही फिरवला नाही. मी कधी कधी म्हणायचे, फिरवा हो जरा."

"बुधवारी कुठे गेले होते?"

"वाचनालयात जातो म्हणाले. जेवणाच्या वेळेला गेले, म्हणून मी कटकट केली. आले ते घामाघूम. मग कुठे पेन्सिल, कुठे पट्टी, असं चाललेलं. आणि गुरुवारसाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. दहाला कुणाकडे तरी जायचंय म्हणाले." त्यांनी ओट्यावरचा पुसलेला कप परत पुसला. "तो शर्ट अजून खुर्चीवरच आहे. उचलायचा राहिला."

मी दहाला ऑफिसात येते. तसं माझ्या दारावर लिहिलेलं आहे.

मग मी बसल्या जागी हिशेब मांडला, आणि मांडताना मला ना भीती वाटली ना उत्साह. ज्याला व्यवहार मोडायचा होता त्यानं सगळी फाइल नेली असती. इथे नेणाऱ्यानं सिस्टरचे कागद वेगळे काढले, पाकिटात घातले, वर पत्ता लिहिला. फक्त मास्तरांच्या सहीचे कागद नेले. चोर असा नसतो. हा माणूस स्वतःचं तेवढंच घेऊन गेला. फाटकावर त्याला नंबर विचारला आणि त्यानं बावीस वर्षांच्या सवयीनं सांगितला, सहा. त्याच संध्याकाळी मुलाला विचारलं, सही मागे घेता येते का. आणि दुसऱ्या दिवशी दहाला तो माझ्याकडे येणार होता.

"काकू, ते बाहेर जाताना काय घेऊन जायचे?"

"खांद्याची पिशवी. ती काय, दाराशी अडकवलीय."

"त्यांच्यामागे ती कुणी उघडली?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कोण उघडणार?"

कुणीच नाही, हे मला माहीत होतं. माझ्या घरी नवऱ्याची ऑफिसची बॅग आहे. पाच महिने झाले, तिच्या कप्प्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. तिच्यावरची धूळ मी पुसते, पण चेन ओढत नाही.

"मी उघडू?" मी विचारलं.

काकू उठल्या, बाहेर गेल्या, नातेवाइकांमधून वाट काढून पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तुम्हीच उघडा," त्या म्हणाल्या. "मी इथे बसते."

५

खरेदीखत वरच होतं, फाइलमध्ये लावलेलं. फाडलेलं नव्हतं, सुरकुतीही नव्हती. त्याच्याखाली चौकटीच्या कागदावर पेन्सिलनं काढलेला नकाशा. तळं, रस्ता, काठाची उतरण, घरांचे छोटे चौकोन, प्रत्येकात नंबर. नंबर नऊपासून सुरू होत होते.

एक ते आठ नव्हतेच. त्या जागी काठाला लागून जाड रेघ आणि 'बंधारा' असा शब्द. खाली मास्तरांच्या अक्षरात:

"मॅनेजर म्हणतो, नकाशा घरांच्या आधीचा. मग त्यात नऊ ते चोवीस कशी? आणि गेल्या वर्षी बांधलेला होडीचा धक्का कसा? आज जाऊन धक्क्याची जागा पाहिली, तंतोतंत तीच. हा नकाशा मागचा नसून पुढचा आहे. वकीलबाईंना विचारणे: आमचं घर राहणार आहे का? त्या नर्सबाईंना हे कुणी सांगितलं आहे का?"

काकूंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांनी चोरला तो कागद," त्या म्हणाल्या.

"स्वतःचाच होता. नाव चढण्याआधी थांबवायचा होता त्यांना."

मालकसंघाचे अध्यक्ष दुसऱ्या शहरात राहतात, निवृत्त इंजिनिअर आहेत. सोमवारी सकाळी मी त्यांना फोन लावला आणि सरळच विचारलं.

"काठ खचतोय," ते म्हणाले. "या मोसमाला धोका नाही, पण पुढच्या वर्षी एक ते आठ पाडावीच लागतील. पुढच्या महिन्याच्या सभेत सगळ्यांना सांगणार आहोत. पण तुम्ही हे मला का विचारताय? चार महिन्यांपूर्वीच मी मॅनेजरला लेखी कळवलंय, त्या आठ घरांतली नावं बदलायची नाहीत. तुम्हाला पत्र दाखवलं नाही त्यानं?"

दाखवलं नव्हतं. मी नोंदवही काढली. त्या चार महिन्यांत पहिल्या आठ घरांतली तीन नावं बदलली होती. तिन्ही चार नंबरची, तिन्ही विकणारी एकच बाई. तिन्हींवर माझा शिक्का. आठवडा कुणाचा, देणी किती, सगळं मी तपासलं होतं. घर उभं राहणार आहे का, हे मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं असं सुचलंही नव्हतं. एरवी सुचलं असतं का, ते आता सांगता येत नाही.

मी टोपीवाल्याला फोन केला. "चार नंबरवाली बाई कोण?"

"मॅनेजरसाहेबांची मेहुणी. त्यांनीच आणलं गिऱ्हाईक. म्हणाले, मिळेल त्या भावाला काढ, पण लवकर. तिचा चौथा आठवडा तुमच्याकडेच पडलाय की सहीला."

मी मॅनेजरच्या खोलीत गेले. तो डबा उघडून बसला होता. मी मास्तरांचा नकाशा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो बघितला आणि डब्याचं झाकण लावलं.

"फाइल मी नेली नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. ती मास्तरांनी नेली."

"मग मला कशाला विचारताय?"

"अध्यक्षांचं पत्र कुठे आहे?"

मी म्हटलं, "शुक्रवारी तुम्ही म्हणालात, चौकशी नको, बाकीचे व्यवहार अडकतात. हरवलेली फाइल सहाची, आणि तुम्हाला काळजी बाकीच्यांची. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मेहुणीचा चौथा आठवडा माझ्या टेबलावर होता. चौकशी लागली असती तर मी तो थांबवला असता."

"आठवडे माझेच होते, तिच्या नावावर घेतलेले," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला. "पंधरा वर्षं पै पै करून घेतले, वकीलबाई. पत्र आलं तेव्हा एकच दिसलं, सगळं पाण्यात जाणार. तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

"तो नकाशा भिंतीवर का लावलात मग?"

"मी नाही लावला. काठ मोजायला आलेला सर्व्हेअर लावून गेला. इतके लोक आले, गेले, कुणी वळून बघितलं नाही. तुम्हीसुद्धा आठवड्यातून दोनदा त्याच्यासमोर बसायचात. मास्तर मात्र थांबून बघत उभे राहिले, तेव्हा मी समजलो. गुरुवारी उतरवला."

ते खरं होतं. मी त्या नकाशासमोर बसत होते. त्यातला एकही रंग मला आठवत नव्हता.

"तिघांचे पैसे परत करा," मी म्हटलं. "त्यांना पत्रं मी आज पाठवतेय, अध्यक्षांनाही. माझ्या शिक्क्याचं मीच त्यात लिहिलंय."

६

मॅनेजरनं पैसे परत केले, हप्त्याहप्त्यानं, आणि नोकरी सोडली. सभेत आरडाओरड झाली. पहिल्या आठ घरांच्या मालकांना दुसऱ्या घरांतले मोकळे आठवडे द्यायचं ठरलं, पण ते कधी, यावर अजून वाद चालू आहे. टोपीवाल्यानं मला विचारून विचारून एक कागद तयार केला, घेणाऱ्यानं काय काय तपासावं याचा, आणि ऑफिसच्या दारावर चिकटवला. त्यात घराच्या भवितव्याबद्दल संघाकडून लेखी मागा, हे पहिल्या ओळीत आहे. दलालानं असा कागद लावावा याचं लोकांना हसू येतं, असं तो सांगतो.

सिस्टरला तिचे पैसे मी त्याच आठवड्यात परत केले. पावतीवर सही करून ती निघणार, तेवढ्यात काकू आल्या. मीच त्यांना बोलावलं होतं, खरेदीखत रद्द झाल्याची सही घ्यायला.

दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. काकूंनी सही केली, पेन परत दिलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "या वर्षीचा आठवडा आमचाच आहे अजून. तुम्ही जा भावाला घेऊन. पैसेबिसे काही नको."

"तसं कसं घ्यायचं?" सिस्टर म्हणाली.

"मग मलाही न्या. मुलगा म्हणतो आम्ही येतो, पण तो आला की सारखा माझ्या तोंडाकडे बघत बसतो. तुम्ही अनोळखी. तुमच्यात मला बरं पडेल."

सिस्टरनं थोडा विचार केला. "मी पहाटे उठते. आवाज होतो."

"होऊ दे."

एकतिसाव्या आठवड्यात, बुधवारी, संघाच्या कामासाठी मला तळ्यावर जावं लागलं. काम अर्ध्या तासाचं होतं. ते झाल्यावर मी सहा नंबरकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही. पाय तिकडे वळले.

काकू आणि सिस्टर ओसरीवर वाटाणे सोलत होत्या. दोघींचं काहीतरी बिनसलं होतं, चहात साखर किती यावरून असावं. एकमेकींकडे न बघता सोलत होत्या. भाऊ चाकांच्या खुर्चीत, तोंड तळ्याकडे. पाणी सपाट होतं, लांबवर एक होडी.

"बसा," काकू म्हणाल्या. "ही म्हणते, मास्तरांचं चुकलंच. कागद न्यायच्या आधी तुम्हाला फोन करायचा."

"मी एवढंच म्हटलं, फोन केला असता तर माणसाला एवढी धावपळ करावी लागली नसती," सिस्टर म्हणाली. "अधू हृदयानं भर दुपारी चालत गेले."

काकूंचे हात थांबले. मग परत चालू झाले. "हो," त्या म्हणाल्या. "ते मलाही वाटतं."

मी एक शेंग उचलली आणि सोलली.

भावानं खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. मी त्याच्याजवळ गेले. तो उजव्या हातानं मागे दाखवत होता, रस्त्याकडे. तिथे दोन मजूर हातगाडीवरून दगड आणत होते, बंधाऱ्याचे. पलीकडे कुणाची तरी मुलं चेंडूवरून भांडत होती.

"वळवा," तो म्हणाला.

"अरे, एवढा खटाटोप कशासाठी केला?" सिस्टर ओसरीवरून म्हणाली. "तळं बघायचं होतं ना तुला?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. आम्ही तिघी थांबलो.

"बघितलं ताई," तो म्हणाला. "चार दिवस बघितलं. आता माणसं बघू दे."

काकू हसल्या. सिस्टरही हसली असावी, मला तिची पाठच दिसत होती. मी खुर्चीचा ब्रेक सोडला आणि खुर्ची वळवली. ती वाटली त्यापेक्षा जड होती. वळवल्यावर मी पण तिथेच, त्याच्या शेजारी, पायरी नव्हती म्हणून जमिनीवर बसले.